केस पेपरवर तापाची तारीख हवी

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
ठाणे महानगरपालिका, ठाणे.

विषय : लहान मुलांच्या लांबलेल्या तापाची नोंद आणि कावासाकी आजाराचे वेळेत निदान.

महोदय,

ठाण्यात वीसहून अधिक वर्षे मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. माझी मागणी छोटी आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे आपल्याला ती पत्रात शोधावी लागणार नाही. महापालिकेच्या सर्व आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत मुलांच्या केस पेपरवर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ असा एक रकाना छापला जावा. ‘ताप किती दिवस’ असा रकाना मी मागत नाही, मला तारीख हवी आहे. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तो तसाच वाटत होता.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. लोकमान्यनगरकडची एक बाई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन वेगवेगळ्या दवाखान्यांचे दोन कागद होते. पहिल्यावर लिहिले होते ‘ताप २ दिवस’. दुसऱ्यावरही ‘ताप २ दिवस’. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आधीच्या औषधानं जरा उतरला होता, आता परत तीन दिवस येतोय.” मी ‘ताप ३ दिवस’ असे लिहिले, अँटिबायोटिक बदलले, लाल डोळ्यांसाठी थेंब दिले आणि डेंग्यूची तपासणी सांगितली. तिन्ही कागदांवरच्या आकड्यांची बेरीज सात होते, पण सात हा आकडा एकाही कागदावर नव्हता. प्रत्येकाने आधीच्या डॉक्टरच्या औषधापासून पुढे मोजले होते, आणि त्यात मीही होते.

चार दिवसांनी वडील रक्ताचा अहवाल घेऊन आले ते हसऱ्या चेहऱ्याने. प्लेटलेट सात लाखांच्या वर होत्या. पावसाळ्यात ठाण्यातल्या कोणत्याही आईबापांना ‘प्लेटलेट किती?’ एवढा एकच प्रश्न माहीत असतो, आणि आकडा मोठा असला की डेंग्यू नाही म्हणून सुटल्यासारखे वाटते. मलाही त्या क्षणी तसेच वाटले, हे मी इथे लपवून ठेवत नाही. वास्तविक डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, तर कावासाकी आजारात दुसऱ्या आठवड्यापासून त्या चढू लागतात, आणि लांबलेल्या तापानंतर आलेला तो सात लाखांचा आकडा ही मला मिळालेली धोक्याची सूचना होती. आणखी तीन दिवसांनी आई पुन्हा आली, कारण मुलाच्या बोटांच्या टोकांची कातडी नखांच्या कडेने सोलू लागली होती. तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचारले, की ताप नेमका कोणत्या दिवशी आला. तिने क्षणभरही विचार केला नाही. “संकष्टीला. मी उपास सोडायला बसले होते आणि ह्याचं अंग तापलं.” मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले. तो पंधरावा दिवस होता, आणि ती माझ्याकडे प्रथम आली तो आठवा. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीला फुगवटा आलेला दिसला. उशिरा का होईना, परळला त्याच्यावर उपचार झाले.

आठव्या आणि पंधराव्या दिवसात एवढा काय फरक आहे, हे सांगण्यासाठी थोडे या आजाराविषयी आणि ज्यांनी तो ओळखला त्यांच्याविषयी लिहिणे आवश्यक आहे. (नाव ऐकताच पालक मोटारसायकलची आठवण काढतात. त्या कंपनीचा आणि आजाराचा काही संबंध नाही.)

तोमिसाकू कावासाकी हे टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ होते. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याला न हटणारा ताप होता, डोळे लाल होते पण त्यांना चिपडे नव्हती, ओठ लाल आणि भेगाळलेले होते, अंगावर पुरळ होता, मानेत गाठ होती आणि हातपाय सुजलेले होते. पुस्तकात असलेल्या कोणत्याही आजारात तो बसेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, निदानाची जागा मात्र रिकामीच राहिली. बहुतेक डॉक्टरांनी तिथेच विषय सोडला असता. पुढच्या वर्षी तसेच दुसरे मूल आले, तेव्हा कावासाकींना पहिले आठवले आणि त्यांनी अशा मुलांच्या नोंदी वेगळ्या ठेवायला सुरुवात केली. १९६७ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची माहिती जपानी भाषेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या लेखात नवा जंतू नव्हता आणि नवे यंत्रही नव्हते. मुलाच्या अंगावर काय दिसले, ते कोणत्या दिवशी दिसले आणि कोणत्या दिवशी गेले, याची काटेकोर नोंद तेवढी होती. बाकीच्या जगाला हा आजार कळला तो १९७४ मध्ये, त्यांचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर. दरम्यान हवाईतील डॉ. मेरियन मेलिश यांना तिथल्या मुलांत हाच आजार स्वतंत्रपणे दिसू लागला होता.

मला विशेष वाटते ते कावासाकींच्या चुकीचे. हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, असे सुरुवातीला त्यांचे मत होते. पुढे १९७० मध्ये जपानमध्ये देशभर पहिली पाहणी झाली. आजारातून बरी होत आहेत असे वाटणारी काही मुले अचानक दगावल्याचे तिच्यात आढळले आणि शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांमध्ये गुठळ्या सापडल्या. म्हणजे ज्या माणसाने आजार शोधला, त्याच्याही हाती न आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मोजणीने हाती आली. तेव्हापासून जपानने दर दोन वर्षांनी ही देशव्यापी पाहणी चालू ठेवली. ५ जून २०२० रोजी कावासाकी वारले, तोपर्यंत या आजाराचे कारण सापडलेले नव्हते आणि आजही सापडलेले नाही. कारण माहीत नसलेल्या आजाराची पन्नास वर्षे न थकता मोजणी करायची, हे काम दिसायला किती रूक्ष आणि किती मोलाचे असते, हे कोणत्याही आरोग्य खात्याने लक्षात घ्यावे असे आहे.

त्या मोजणीतून पुष्कळ कळले. १९७९, १९८२ आणि १९८६ या वर्षी जपानमध्ये या आजाराच्या मोठ्या लाटा आल्या, म्हणजे कोणता तरी संसर्ग याची ठिणगी टाकत असावा. २०२० मध्ये मुखपट्ट्या आल्या, शाळा बंद झाल्या, आणि तिथली रुग्णसंख्या लक्षणीय घटली, तेव्हा हा तर्क आणखी बळावला. संसर्ग कोणताही असो, मुलाची प्रतिकारशक्ती बिथरते आणि मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना दाह होतो. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांच्या हृदयाच्या धमन्यांना फुगे येतात. १९८४ मध्ये जपानचे डॉ. केन्सेई फुरुशो यांनी आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेन न्यूबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की निरोगी रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून तयार केलेले इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) शिरेतून आणि सोबत अ‍ॅस्पिरिन दिले, तर हे प्रमाण पुष्कळ खाली येते. १९९१ मध्ये त्याच्या मात्रेचा हिशेब सोपा झाला. शरीराच्या दर किलो वजनाला दोन ग्रॅम, तेही एकाच वेळी. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत हे औषध गेले, तर फुग्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर येते. माझा रुग्ण आठव्या दिवशी माझ्यासमोर बसला होता. तेव्हा दोन दिवस हातात होते, आणि ते मोजायला लागणारी तारीख त्याच्या आईला तोंडपाठ होती.

म्हणून मी तारीख मागते. ‘किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक डॉक्टरला वेगळे मिळते. घरातल्यांच्या मते गोळीने उतरलेला ताप गेलेला असतो आणि परत आलेला ताप नवा असतो. तारखेचे मात्र तसे नाही. आपल्याकडच्या घरांत गॅसची टाकी कधी लावली आणि दूधवाल्याने कधी खाडा केला, हे कालनिर्णयावर लिहिलेले असते. आई तारीख सांगते, किंवा संकष्टी, एकादशी, बाजाराचा वार, जुम्मा, पगाराचा दिवस सांगते, आणि त्यावरून तारीख काढता येते. ती एकदा केस पेपरवर चढली, की मूल वागळे इस्टेटच्या आरोग्य केंद्रातून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेले काय किंवा मुंब्र्याहून परळच्या वाडिया बालरुग्णालयात गेले काय, पुढच्या डॉक्टरला मोजणी पहिल्यापासून करावी लागत नाही. माझ्या पाहण्यातल्या केस पेपरांवर, ते सरकारी असोत वा खासगी, असा रकाना मला आढळलेला नाही, आणि माझ्या स्वतःच्या दवाखान्यातल्या कागदावरही तो त्या मुलानंतरच आला.

रकान्यासोबत एक ओळ छापता आली तर फार बरे होईल : पाच दिवसांहून अधिक ताप असल्यास डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातपाय आणि मानेतील गाठ पाहावी. पाचांपैकी चार गोष्टी आढळल्या तर निदान जवळपास ठरते. पण त्या एकाच वेळी दिसतील असे नाही. पुरळ तिसऱ्या दिवशी येऊन पाचव्या दिवशी गेलेलाही असू शकतो, आणि म्हणून आईला ‘आधी काय काय दिसलं होतं’ हे विचारणे तपासण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. आपल्या बहुतेक बाळांना जन्मतः बीसीजीची लस दिलेली असते, आणि या आजारात काही मुलांच्या दंडावरचा तो जुना व्रण पुन्हा लाल होऊन फुगतो. दंडावरची बाही वर करायला खर्च काहीच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांची मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांच्यात लक्षणे अर्धवट असतात, आणि धमन्यांना धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो. एवढ्या लहान बाळाला कारण न सापडता सात दिवस ताप राहिला, तर बाकी काही दिसत नसले तरी रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास इको करावा, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१७ ची शिफारस आहे.

हा आजार आपल्याकडे कुठे असतो, असे कोणी म्हणेल. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेत डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे या मुलांची नोंद ठेवली. १९९४ मध्ये पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे ०.५१ असलेले प्रमाण २००७ मध्ये ४.५४ वर गेल्याचे त्यांनी दाखवले. जपानमध्ये कोविडच्या आधी वर्षाला पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे तीनशेहून अधिक रुग्ण आढळत होते, तेव्हा चंदीगडचा आकडा लहानच म्हणायचा. पण तो आकडा आहे. मुलांमध्ये आजार वाढला की डॉक्टरांची नजर वाढली, यावर तिथे वाद घालता येतो. ठाण्यात वाद घालायलाही काही नाही.

आकडा हाताशी असण्याची किंमत २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिली. एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनमधील बालअतिदक्षता डॉक्टरांनी परस्परांना सावध केले, की कोविडनंतर काही आठवड्यांनी मुले ताप, पुरळ, पोटदुखी आणि ढासळलेला रक्तदाब घेऊन येत आहेत. त्याच सुमारास इटलीतील बर्गामो या शहरातील डॉक्टरांनी सांगितले, की त्यांच्या रुग्णालयात आधीच्या पाच वर्षांत मिळून कावासाकीसारखी १९ मुले आली होती, आणि आता दोन महिन्यांत १० आली, म्हणजे वाढ सुमारे तीसपट. ही तीसपट त्यांना सांगता आली, कारण आधीच्या पाच वर्षांची १९ मुले कोणीतरी लिहून ठेवली होती. पुढे त्या आजाराला एमआयएस-सी हे नाव पडले आणि आपल्या शहरातील अतिदक्षता विभागांतही अशी मुले आली. आम्ही डॉक्टर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना फोन करीत होतो. ‘आपल्याकडे किती पट?’ असे त्या दिवसांत मला एका मित्राने विचारले. पट काढायला आधीचा आकडा लागतो, आणि तो आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता.

नवी यंत्रणा उभी करा, असे माझे म्हणणे नाही. एक यंत्रणा आपल्या हातात आहेच. गोवर-रुबेला निर्मूलनासाठी ताप आणि पुरळ असलेल्या मुलांची नोंद होते, त्यांचे नमुने तपासणीला जातात. २०२२ च्या अखेरीस मुंबई-भिवंडीकडे गोवराची साथ पसरली तेव्हा आरोग्यसेविका आणि आशाताई किती दारे चढल्या-उतरल्या, हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांच्या वह्यांचा मला आदर आहे. पण ज्या मुलाचा अहवाल गोवर नाही, रुबेला नाही असा येतो, त्याचे पुढे काय होते? कार्यक्रमाच्या दृष्टीने तो विषय संपतो, मुलाच्या दृष्टीने तो संपलेला असेलच असे नाही. गोवरात नाक गळते, खोकला असतो, डोळ्यांतून चिकट पाणी येते. कावासाकीत डोळे लाल असतात पण कोरडे असतात, पापण्या चिकटत नाहीत. हे दोन आजार एकमेकांच्या जागी सहज बसतात. म्हणून गोवर नसल्याचा अहवाल आलेल्या मुलाच्या घरी त्या सेविकेने तिसऱ्या आठवड्यात एकदा जावे आणि दोनच गोष्टी पाहाव्यात : ताप पाच दिवसांच्या पुढे गेला होता का, आणि बोटांची कातडी सोलली आहे का. उत्तर होकारार्थी असेल त्या मुलाचा इको व्हावा. त्या वेळी दहा दिवसांची मुदत उलटून गेलेली असेल हे मला कळते. पण फुगा आहे हे माहीत असलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिनवर आणि नियमित तपासणीखाली ठेवता येते, माहीत नसलेल्या मुलाचे कोणीच काही करू शकत नाही.

खर्चाचा प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. बारा किलोच्या मुलाला चोवीस ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागते, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, आणि खासगीत हा खर्च पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. रोजंदारीवरच्या घरात एवढी रक्कम उभी करायला जे तीन-चार दिवस लागतात, ते नेमके त्या दहांतले असतात. मंगळसूत्र गहाण टाकून आणलेली पाचवी बाटली अकराव्या दिवशी लावल्याचे मी पाहिले आहे. कळव्याच्या रुग्णालयात एका मुलाला पुरेल एवढा साठा कायम असावा, तो वापरला गेला की लगेच भरून घ्यावा, आणि शहरातील कोणत्याही डॉक्टरने संशय कळवल्यास दोन दिवसांत लहान मुलाचा इको करून मिळावा. लहान मुलाचा इको मोठ्यांसारखा घाईत होत नाही. मूल झोपलेले असावे लागते, आणि धमनीची रुंदी त्याच्या उंची-वजनाच्या मानाने मोजावी लागते. म्हणून हे काम जाणत्या हाताकडे असावे, एवढे मी आग्रहाने सुचवते.

लसीकरण विभागालाही एक सूचना जावी. इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या मुलाला गोवर-रुबेलाची लस त्यानंतर अकरा महिने पुढे ढकलावी लागते, कारण दात्यांच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडे लशीला निष्प्रभ करतात. दुसरा डोस चुकला म्हणून आईला रागावणाऱ्या आणि लगेच सुई टोचणाऱ्या ताईंचा यात दोष नाही, त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. लसीकरण कार्डावर एक शिक्का पुरेल.

या सगळ्यात चूक होण्याची शक्यता मला दिसते. तापाचे प्रत्येक मूल कावासाकीचे समजून इकोसाठी रांग लागली, तर कळव्यातली व्यवस्था आठवड्यात कोलमडेल. पाचव्या दिवसाच्या पुढे गेलेला ताप आपल्याकडे बहुतेक वेळा टायफॉइडचा, मलेरियाचा किंवा एखाद्या विषाणूचा असतो आणि तो तसाच राहणार आहे. म्हणूनच मी सुरुवात यंत्रापासून न करता रकान्यापासून करावी म्हणते. तारीख लिहिली, की पाच दिवसांच्या पुढची मुले आपोआप वेगळी दिसू लागतील, आणि त्यातली किती कशाची निघाली, हे वर्षाअखेरीस मोजता येईल. तो आकडा महापालिकेने जाहीर करावा. पहिल्या वर्षी तो दोन असेल किंवा शून्यही असेल. माझी त्याला हरकत नाही.

तो मुलगा आता शाळेत जातो. दरवर्षी इकोला येतो, आणि अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे म्हणून त्याची आई दर पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस विसरत नाही, कारण अ‍ॅस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर यकृत आणि मेंदूवर बेतू शकते, हे तिला एकदाच सांगितले होते. माझ्याकडे येताना ती पिशवीतून आता वही काढते. ताप, तारीख, वेळ, गोळी. अक्षर वाकडे आहे, पण तिचा एकही दिवस चुकलेला मला सापडलेला नाही.

केस पेपरांची पुढची छपाई केव्हा आहे हे कळवल्यास रकान्याचा नमुना मी आणून देईन. आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंसाठी दर बुधवारी दुपारी दोन तास देण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी मानधन नको, एक खोली आणि फळा पुरे.

आपली नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ,
ठाणे (पश्चिम)